आठाला दोन मिनिटं कमी

"कुटं लिवलंय?"

हा प्रश्न विचारताना भाऊ चष्मा कपाळावर चढवायचे, स्वेटरच्या आत हात घालायचे आणि पट्ट्यात खोचलेली दुधाची रिकामी पिशवी बाहेर काढायचे. पिशवीत नियमांचं पुस्तक. लोणावळ्याचा पाऊस आडवा येतो, तो पुस्तकाबिस्तकाची गय करत नाही, म्हणून ही सोय. मग पुस्तक समोरच्याच्या नाकापुढे धरून ते म्हणायचे, "दाखवा. कुटं लिवलंय?" समोरचा बहुतेक वेळा पुस्तक न उघडताच माघार घ्यायचा. मावळातल्या शाळांच्या धावण्याच्या स्पर्धा तुम्ही कधी पाहिल्या असतील, तर हा माणूस तुम्हीही पाहिला असेल, आणि बहुधा त्याच्यावर चिडलाही असाल.

देहूरोडच्या लष्करी डेपोत त्यांनी जन्मभर भांडार सांभाळलं. सुट्टीच्या दिवशी शर्यतींचे पंच. निवृत्त झाल्यावर सगळेच दिवस सुट्टीचे झाले, आणि तालुक्यातल्या खेळाडूंच्या नशिबी भाऊ पूर्णवेळ आले.

मी लोणावळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. खेळाशी माझा संबंध नवऱ्याची क्रिकेटची मॅच बंद करण्यापुरता. पण तालुक्याच्या स्पर्धा आमच्या मैदानावर ठरल्या आणि मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्हाला रेघा मारता येतात." अशा रीतीने मी हातात फक्कीचं घमेलं घेऊन मैदानावर शिरले.

सकाळभर खपून मी आठ पट्टे आखले. भाऊ आले, उकिडवे बसले, खिशातली पट्टी काढून रेघेवर आडवी धरली.

"बाई, रेघ पाच सेंटिमीटर पायजे. ही सात हाय."

"कुणाला दिसतंय?"

"मला दिसलं की."

मी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की वर्गातली पोरं असती तर पाणी मागायला बाहेर गेली असती. भाऊ हलले नाहीत. मी सगळ्या रेघा पुन्हा मारल्या. दुपारी त्यांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "आता झ्याक." त्या एका शब्दावर मी पुढची बारा वर्षं फुकट राबले. बायका कशावर भाळतील याचा नेम नाही.

त्यांच्या तडाख्यातून कुणी सुटायचं नाही. स्वतःच्या धाकट्या मुलाला त्यांनी दुसऱ्याच्या पट्ट्यात पाय टाकला म्हणून बाद केलं. त्या रात्री घरी भाऊंना कुणी वाढलं नाही, असं मुलगाच सांगायचा. एकदा एक पुढारी पाहुणे म्हणून आले. शर्यत सुरू करायचं पिस्तूल त्यांच्या हाती दिलं होतं. पोरी अजून ओणव्या होत होत्या, तेवढ्यात फोटोवाल्याकडे हसून बघताना साहेबांच्या बोटाला घाई झाली. ठो! निम्म्या पोरी पळाल्या, निम्म्या तशाच. भाऊंनी शिट्टी मारून सगळ्यांना परत बोलावलं, पाहुण्यांच्या हातून पिस्तूल काढून घेतलं आणि कर्ण्यावर जाहीर केलं, "पाव्हण्यांचा फॉल्स स्टार्ट. पाव्हणे बाद." साहेबांनी पुढची दोन वर्षं मैदानाला निधी दिला नाही. भाऊ म्हणाले, "नको तर नको. धावायला माती लागती, ती हाय."

एकदा चहा पिताना मी चिडून विचारलं, की एवढं काय आहे त्या पुस्तकात? बायबल आहे का?

भाऊंनी बशीत चहा ओतला. "माज्या आज्याला गावच्या पाण्यावर जाता येत न्हवतं. बाई, ते कुटं लिवलं व्हतं? कुटंच न्हाई. कुणाला इचारावं तर म्हणायचं, पयल्यापासून हाय. जे लिवलंच न्हाई ते खोडायचं कसं? छप्पन साली आज्यानं धर्म सोडला, पण पाणवठ्यावरची नजर लय दिस तशीच व्हती." त्यांनी चहा संपवला. "लिवल्यालं असलं की भांडता येतं. खोडता येतं. म्हणून मी इचारतो."

त्यानंतर मी रेघा मुकाट्याने पाच सेंटिमीटरच्या मारायला लागले.

मग प्रणाली आली. टाकवे बुद्रुकची, भातशेती करणाऱ्या घरातली, आठशे मीटर पळणारी. उंच, हाडापेराने मोठी, आवाज घोगरा, ओठावर थोडी लव. बोलायची कमी आणि पळायची अशी की दुसऱ्या फेरीत बाकीच्या पोरी दुसऱ्या गावात राहिल्यासारख्या वाटायच्या. तिच्यामागे दुसरी यायची ती ऋतुजा. तीही जिद्दीची पोरगी, नवलाख उंबऱ्याची. बाप तिथल्याच कारखान्यात सुपरवायझर. रोज पहाटे पोरीला मोटारसायकलच्या पुढे पळवायचा.

लोक कुजबुजायला लागले. आपल्याकडे लोकांना कुजबुजताही हळू येत नाही. "पोरगी कसली, पोरगाच आहे," हे वाक्य प्रणालीच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने आणि आपलं नाव येणार नाही इतक्या लांबून म्हटलं जायचं.

तिसऱ्यांदा दुसरी आल्यावर ऋतुजाचे वडील तरातरा पंचांच्या टेबलाशी आले. "भाऊ, ही पोरगी न्हाई. चेक करा."

"कुटं लिवलंय?"

"उघड दिसतंय की!"

"दिसतंय त्यावर मी कुणाला बाद करत न्हाई. परदेशातल्या शर्यतींना तसले नियम हायेत, ते मी वाचल्यात. तालुक्याला न्हाईत."

गर्दीतून कुणीतरी तोडगा काढला. "बाई आहेत ना इथं. बाईंना आत घेऊन जाऊ द्या तिला. पाच मिनिटांचं काम."

सगळे माझ्याकडे वळले. माझे हात कोपरापर्यंत पांढरे. मी जन्मभर पोरांना फुलदाणी काढायला शिकवत आले होते. ही तपासणी आमच्या अभ्यासक्रमात नव्हती. प्रणाली चार पावलांवर उभी होती आणि बुटाच्या टोकाने माझी रेघ पुसत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी आत नेते की काय, एवढंच तिला बघायचं होतं.

भाऊ उठून उभे राहिले. "तपासू की. पण मग सगळ्यांचीच. आणि पयला नंबर ज्यानं सुचवलं त्याचा. कोण बोललं? या पुढं, हे टेबल मोकळंच हाय."

गर्दी अशी पांगली की जणू वीज पडली. ऋतुजाचे वडील मात्र जागचे हलले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. "भाऊ, माझी पोरगी पहाटे चारला उठते," ते म्हणाले. "तिनं कुणाशी पळायचं हे कुणीतरी सांगायला नको का?"

भाऊंचा आवाज उतरला. "तक्रार लेखी द्या. पात्रतेची तक्रार स्पर्धा सुरू व्हायच्या आधी द्यावी लागती, हे मात्र लिवलंय. म्होरच्या येळेला द्या. मी घेईन."

पुढची स्पर्धा दोन महिन्यांनी. सुरुवात आठ वाजता. भाऊंचे आठ म्हणजे आठ. एकदा शिक्षणाधिकारी आठ वाजून एका मिनिटाने आले, तर पहिली शर्यत संपत आली होती. त्या दिवशी मी रेघा संपवून टेबलापाशी घड्याळं जुळवत होते. फाटकातून मोटारसायकल आत आली. ऋतुजाच्या वडिलांच्या हातात कागद होता. भाऊंनी तो पाहिला. मग शंभर मीटरच्या पोरींकडे पाहिलं. त्या अजून बुटांच्या नाड्या बांधत होत्या.

"जागेवर!" भाऊ ओरडले. पोरी गडबडल्या. ठो!

मोटारसायकल टेबलाशी पोचली तेव्हा भाऊ म्हणाले, "स्पर्धा सुरू झाली. तक्रार घेता येत न्हाई."

माझ्या हातातलं घड्याळ आठाला दोन मिनिटं कमी दाखवत होतं. वडिलांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग भाऊंकडे, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. मी घड्याळ पर्समध्ये टाकलं. त्या दिवशी आठशे मीटर प्रणालीने जिंकली आणि ऋतुजा दुसरी आली. भाऊ दिवसभर पाणीसुद्धा प्याले नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, घड्याळ फुडं गेलतं वाटतं." मी म्हटलं, "असेल." खोटं बोलायची सवय दोघांनाही नव्हती, त्यामुळे आम्ही लगेच दोन दिशांना चालायला लागलो.

प्रणाली पुढे जिल्ह्याला गेली, राज्याला गेली; तिथेही तिच्यामागे दुसरी ऋतुजाच. मग देशाच्या शिबिरासाठी तिचं नाव आलं. टाकव्यात तिचा फलक लागला. फलकावर तिच्यापेक्षा शुभेच्छुकांचे चेहरे मोठे होते, पण लागला हे खरं.

त्याच वर्षी एका दुपारी भाऊ माझ्या वर्गाच्या दारात आले. पोरं जलरंगात बुडालेली. भाऊंच्या हातात छापील कागद होते. चष्मा कपाळावर नव्हता.

"बाई," ते म्हणाले, "आता लिवलंय."

जागतिक पातळीवर बायकांच्या शर्यतीत उतरायचं तर एकदा जनुकांची चाचणी द्यायची, असा नियम आला होता. ते ठरावीक जनुक सापडलं तर बायकांच्या गटात धावता येणार नाही. जन्मली मुलगी, वाढली मुलगी, याला तिथे रकाना नव्हता. शिबिरातल्या मुलींनाही चाचणी लागणार होती. एक-दोन अपवाद होते. भाऊंनी त्यांच्याखाली पेन्सिलीने इतक्यांदा रेघ मारली होती की कागद फाटायला आला होता.

"भांडायचं का?" मी विचारलं.

"कुणाशी? त्यांचं सगळंच चूक न्हाई, बाई. बायकांची शर्यत येगळी ठेवली म्हणून तर ह्या पोरी पळत्यात. रेघ कुटंतरी मारावीच लागती." ते वर्गातल्या पोरांच्या चित्रांकडे बघत राहिले. "पण जितं मारावी तितं कुणीतरी हुभं असतंय."

आम्ही दोघं टाकव्याला गेलो. प्रणालीची आई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. भाऊंनी नियम वाचला, सगळा, एक शब्द न गाळता. मी मध्ये मध्ये सोपं करून सांगायला गेले, तर मला गप्प केलं.

आई म्हणाली, "सुईणीनं सांगितलं पोरगी झाली. आमी बारसं केलं, कान टोचलं. आता आणिक कुणाला इचारायचं व्हतं?"

प्रणालीने विचारलं, "काका, मी काय लपवलंय का?"

"न्हाई."

"औषध खाल्लं? चोरी केली?"

"न्हाई, पोरी."

"मग चूक काय लिवलीय त्यात?"

"ह्यात चूक कुणाचीच लिवलेली न्हाई. फकस्त पात्रता लिवलीय." ते कागदाच्या घड्या घालत राहिले. "चाचणी द्यायची का न्हाई, हे तू ठरव. सक्ती न्हाई. पण दिली न्हाईस तर तितं पळता येणार न्हाई."

प्रणाली आईच्या सुपातल्या तांदळातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "देते. लोक माज्या पाठीमागं बोलत्यात, निदान कागद तरी तोंडावर बोलंल."

पुण्याच्या प्रयोगशाळेत भाऊ तिच्यासोबत गेले. मीही होते. काउंटरवरच्या पोराने भर गर्दीत हाळी दिली, "कोणती टेस्ट?" भाऊ पुढे झाले. "तुमच्या हातात चिठ्ठी हाय. तिच्यावर लिवलंय. मनात वाचा." अहवाल पाकिटात बंद पाहिजे, तो तिच्याच हातात पाहिजे, तिने सांगितल्याशिवाय कुणी उघडायचा नाही, हे त्यांनी तिथल्या डॉक्टरकडून लिहून घेतलं. भाऊंना पाकीट बंद ठेवता आलं, आतला मजकूर बदलता आला नाही. जनुक होतं. अपवाद लागू नव्हता. शिबिरातून प्रणाली परत आली, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर ऋतुजाला बोलावणं आलं. कारण कुणी जाहीर केलं नाही. गावाने ते आपलं आपण जाहीर करून घेतलं. फलक एका रात्रीत उतरला. शुभेच्छुकांना आपले चेहरे परत हवे असणार.

ऋतुजा वडिलांबरोबर भाऊंना भेटायला आली. मी मैदानावर होते. ती म्हणाली, "काका, पेढे आणले नाहीत. आणायचे की नाही तेच कळेना. मी आनंद मानू का नको?"

भाऊ म्हणाले, "मला म्हाईत न्हाई, पोरी." आणि मग वडिलांकडे वळले. "तुमचा अर्ज त्या दिशी येळेत व्हता. मी दोन मिनिटं आधी गोळी झाडली. तुमच्या पोरीचा हक्क मी मारला."

"म्हाईत हाय," वडील म्हणाले. "कंपनीत वीस वर्सं घड्याळावर हजेरी लावतोय. माझं घड्याळ चुकत न्हाई."

"मग बोलला का न्हाई?"

"तुमी नियम मोडला, भाऊ. तुमी! म्हटलं, कायतरी तसंच असंल." त्यांनी घड्याळाचा पट्टा सरळ केला. "आणि त्या पोरीचं तोंड बघितलंतं मी. मलाबी पोरगीच हाय."

भाऊ रडले. अगदी उघड, हातरुमाल न शोधता. ऋतुजाने त्यांना आपला टॉवेल दिला.

प्रणालीने घराबाहेर पडणं बंद केलं होतं. भाऊंनी दर रविवारी सकाळी टाकव्याला जायला सुरुवात केली. बसने जायचे, फाट्यावर उतरून चालत. पहिले तीन रविवार ती ओसरीवरून उठलीच नाही. भाऊ रस्त्यावर पट्टीने अंतर मोजत बसायचे. चौथ्या रविवारी ती म्हणाली, "काका, कशाला येता? मला कुणी पळू देणार न्हाई."

"शर्यतीला पात्रता लागती," भाऊ म्हणाले. "येळ घ्यायला लागत न्हाई. पळ. मी घड्याळ लावतो."

ती पळाली. पुढे गावातल्या चार-पाच पोरी तिच्यामागे पळायला लागल्या. शिबिराच्या सुट्टीत ऋतुजाही यायची. दोघी एकमेकींशी फारशा बोलायच्या नाहीत. बरोबर पळायच्या. भाऊ दोघींच्या वेळा एकाच वहीत, शेजारी शेजारी लिहायचे, आणि वेळ सुधारली तर माझ्या वाट्याला आला होता तोच एक शब्द म्हणायचे.

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. बुधवारी छातीत दुखलं, गुरुवारी संपलं. रविवारी टाकव्याला जायचं म्हणून पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, असं त्यांच्या थोरल्या मुलाने सांगितलं. मी देहूरोडला पोचले तेव्हा वंदना झाली होती. अंगणात पांढरे कपडे घातलेली माणसं दाटलेली. तिरडीच्या पुढच्या दोन टोकांना दोन मुलगे उभे राहिले. मागच्या टोकांकडे शेजारपाजारचे पुरुष सरकले, इतक्यात प्रणाली गर्दीतून वाट काढत आली आणि तिने मागचा एक बांबू धरला.

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पोरी, सर बाजूला. बायामाणसं खांदा देत न्हाईत."

त्यावर दुसऱ्याने त्यांना कोपर मारलं. "असू द्या हो आबा. तिचं चालतंय. ती कुटं..."

वाक्य त्याने अर्ध्यावर सोडलं, पण सगळ्या अंगणाला ते पुरतं ऐकू आलं. त्याला वाटलं असणार की आपण पोरीवर उपकारच करतोय. मला त्याच्या तोंडावर घमेलंभर फक्की ओतावीशी वाटली.

प्रणालीने बांबू सोडला नाही. "मी पोरगी हाय," ती म्हणाली. आवाज घोगरा होता आणि जराही कापत नव्हता. "पोरगी म्हणून खांदा देणार. पोरीचं चालत न्हाई म्हणत असाल तर तसं सांगा, मी बाजूला होते. तिचं चालतंय म्हणून नको."

थोरल्या मुलाने पुढून मान वळवून पाहिलं आणि पुन्हा समोर तोंड केलं. मग गर्दीत उभ्या असलेल्या ऋतुजाने चपला काढल्या, दुसऱ्या बांबूपाशी उभ्या असलेल्या माणसाला म्हणाली, "दादा, सरका," आणि तो सरकला.

तिरडी उचलली तेव्हा मागची बाजू कलली, कारण प्रणाली ऋतुजापेक्षा हातभर उंच. भाऊ एका अंगाला घसरायला लागले. ऋतुजा चवड्यांवर उभी राहिली, तरी पुरेना. प्रणालीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गुडघे वाकवले. तशाच दोघी निघाल्या, एक वाकून आणि एक चवड्यांवर, आणि स्मशानापर्यंत त्यांनी भाऊंना कलू दिलं नाही.